पूर्णेच्या काठी, कॅमेरा घेऊन

केदारखेडा कुठे आहे, असे मुंबई-पुण्याच्या दहा माणसांना विचारून पाहा. नऊजण हिमालयाकडे बोट दाखवतील आणि दहावा म्हणेल, “तिथे हल्ली हेलिकॉप्टर जाते ना?” माझ्या यजमानांनी तर मला लोकरी मोजे घेऊन जायला सांगितले होते. तेव्हा वाचकहो, आधी भूगोल सांगते. केदारखेडा जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात आहे. जालन्याहून भोकरदनच्या वाटेला लागले, की पंचवीसेक किलोमीटरवर राजूर लागते. गणपतीच्या साडेतीन पीठांतले हे पूर्ण पीठ मानतात, त्यामुळे चतुर्थीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. राजूर मागे टाकून तसेच पुढे गेले की पूर्णा नदी येते आणि नदीच्या सोबतीने केदारखेडा. पूर्णा नावाची नदी एकच नाही, हेही जाता जाता सांगून टाकते. विदर्भातली तापीला मिळते. ही दुसरी, अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून परभणीच्या अंगाने गोदावरीला जाणारी.

प्रवाशांच्या पुस्तकांत या गावाचे नाव मला कुठे आढळले नाही. शेजारचे भोकरदन मात्र मोठे घरंदाज आहे. भारहुत आणि सांचीच्या स्तूपांवर दाने देणाऱ्यांचे जे लेख आहेत, त्यांत भोगवर्धनच्या माणसांची नावे येतात. ते भोगवर्धन म्हणजे हे भोकरदन. १९७३ साली इथल्या उत्खननाचे काम झाले. इथे मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात सापडलेली मूर्ती या एकमेकींच्या बहिणी शोभाव्यात, इतक्या सारख्या आहेत. पण मी काही इतिहास शोधायला निघाले नव्हते. मी निघाले होते कॅमेरा घेऊन.

या कॅमेऱ्याची थोडी हकीकत सांगायला हवी. माझ्या लहानपणी वडिलांपाशी आग्फा क्लिक-३ होता. काळा, ठोकळ्यासारखा, गळ्यात अडकवायचा. एका रोलवर बारा फोटो निघत. वडील ते बारा फोटो रेशनच्या साखरेसारखे पुरवत. गणपतीचे दोन, सहलीचे चार, आजोबांचा एक, आणि एखादा ‘असू दे, लागेल’ म्हणून राखून ठेवलेला. रोल धुवायला दिल्यापासून फोटो हाती येईपर्यंत घरात परीक्षेच्या निकालासारखे वातावरण असे. पण जे काही निघे ते कागदावर निघे आणि काळ्या पानांच्या अल्बममध्ये चारी कोपऱ्यांना धरून बसे. तो अल्बम अजून आमच्या कपाटात आहे.

दोन वर्षांपूर्वी मी मुंबईच्या बोरा बाजारातून एक जुना डिजिटल कॅमेरा घेतला. चोवीस मेगापिक्सेलचा, एक साधे झूम भिंग, एक पन्नास मिलिमीटरचे मोठ्या छिद्राचे भिंग आणि चौसष्ट जीबीचे कार्ड. कार्डात काही हजार फोटो मावतात. “मोबाईलात असतो की कॅमेरा!” हे आमच्या यजमानांचे मत. त्यात तथ्य नाही असे नाही. मोबाईलचा फोटो चटकन निघतो आणि बरेचदा सुरेखही निघतो. पण मोबाईलच्या आत प्रकाश टिपणारी जी पट्टी असते, ती नखाएवढी. माझ्या कॅमेऱ्यातली साधारण साडेतेवीस मिलिमीटर लांब आणि साडेपंधरा रुंद. मोठ्या परातीत पाऊस अधिक साठावा, तसा तिच्यावर प्रकाश अधिक साठतो. शिवाय मोबाईल फोटो काढतो आणि वर तो आपल्या अकलेने सुधारतोही. माझा हा जुना गडी सांगितल्या कामापुरता. पुढे या फरकाला फार महत्त्व आले, म्हणून सांगून ठेवले.

मी पूर्वी दोन वर्षे औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, तासिका तत्त्वावर शिकवत होते. तेव्हाचा एक विद्यार्थी केदारखेड्याचा. आता तो स्वतःच शिक्षक आहे. “मॅडम, कापूस फुटला की या, पांढरं शेत बघायला,” असे त्याचे दर वर्षीचे आमंत्रण. २०२४ची भाऊबीज आटोपली आणि मी रात्रीच्या गाडीत बसले. पहाटे जालना. पोलादाच्या कारखान्यांचे आणि बियाण्यांच्या कंपन्यांचे हे शहर अजून जांभया देत होते. विद्यार्थी मोटार घेऊन हजर. विधानसभेच्या निवडणुकीचे दिवस होते. राजूरपर्यंत प्रचाराच्या तीन गाड्या आम्हाला आडव्या गेल्या आणि तिन्हींवर चाल एकाच सिनेमाच्या गाण्याची.

शेतात पोचलो तेव्हा आठ वाजत होते. काळी जमीन, हिरवी-तांबूस झाडे आणि त्यांवर पांढरी बोंडे. वेचणी चालू होती. बायकांनी कमरेला ओट्या बांधल्या होत्या, डोक्यावर पदर, उन्हासाठी अंगात घरधन्याचा जुना सदरा.

कापसाच्या शेतात कॅमेऱ्याची खरी परीक्षा होते. कॅमेरा प्रकाश मोजतो, पण समोर काय आहे हे त्याला कळत नाही. समोरचे सगळे जग मध्यम करड्या रंगाचे आहे, असे गृहीत धरून तो हिशेब करतो. चौकट कापसाने भरली की त्याला वाटते, प्रकाश फार झाला. मग तो उजेड कमी करतो. कापूस धुरकट होतो आणि वेचणाऱ्या बाईचा उन्हाने रापलेला चेहरा अगदीच अंधारात जातो. यावर उपाय म्हणजे एक चक्र फिरवून त्याला बजावणे, की बाबा रे, तू म्हणतोस त्यापेक्षा उजेड जास्त घे. मी एक पायरी वाढवली. कापूस पांढरा झाला. आणखी अर्धी वाढवली तेव्हा चेहऱ्यावरच्या रेषा दिसू लागल्या, पण बोंडांतले तंतू विरघळले. सगळे एकाच वेळी मिळत नाही. मी चेहरा पत्करला. कापूस काय, दर साली फुटतो.

बायकांना फोटोचे अप्रूप नव्हते. प्रत्येकीच्या घरात मोबाईल आहे. एकीने कॅमेऱ्यामागच्या पडद्यात स्वतःला पाहिले आणि विचारले, “हा आम्हाला भेटंल का?”

त्या भागात वस्तू ‘मिळत’ नाही, ‘भेटते’. मराठीच्या अध्यापिकेला हा शब्द ऐकून आनंद व्हावा, तसा तो झाला. पण ती पुढे म्हणाली, “मागच्या साली बी एक जण आलता. लई फोटो काढले. मोठा कॅमेरा व्हता, तुमच्याहून मोठा. पुन्हा काही आला न्हाई.” बाकीच्या हसल्या. मी वहीत अकराजणींची नावे लिहून घेतली आणि नावापुढे फोटोचा क्रमांक. तिथून पुढे मी काढलेला प्रत्येक फोटो मला थोडा उधारीचा वाटू लागला.

दुपारी विद्यार्थ्याच्या घरी गेलो. नोव्हेंबरातही अकरा ते तीनचे ऊन फोटोच्या कामाचे नसते. डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडतात आणि माणसे कवटीसारखी दिसतात. घरात पुढच्या खोलीचा निम्मा भाग कापसाने भरलेला होता. जमिनीपासून छातीपर्यंत ढीग. त्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,१२१ रुपये होता. गावात येणारा व्यापारी त्याहून कमी बोलत होता आणि घरातली मंडळी थांबून होती. कापूस घरात असला की अंगाला खाज सुटते, उंदीर येतात, विडी ओढणाऱ्या पाहुण्याला बाहेर बसवावे लागते. तरी भाव येईपर्यंत त्याला पाहुण्यासारखेच ठेवून घ्यावे लागते.

त्या ढिगापाशी विद्यार्थ्याची आजी बसली होती. वय विचारले तर म्हणाली, “असंन ऐंशी, कोणी मोजलं?” जेवण झाल्यावर तिने नातवाला खूण केली. त्याने पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वस्तू आणली. आजोबांचे मतदार ओळखपत्र. आजोबा चार वर्षांपूर्वी गेले.

“माय, ह्याचा मोठा फोटो काढून देशील का? भिंतीवर लावाया.”

घरात दुसरा फोटो नव्हता का? होता. शंभर-दोनशे होते. नातीच्या लग्नातले, बैलपोळ्याचे, पंढरीच्या वाटेवरचे, सगळे धाकट्या मुलाच्या मोबाईलमध्ये. पाण्याची मोटर बघायला वाकताना तो मोबाईल विहिरीत पडला. विहिरीचा उपसा केला, मोबाईल निघाला, फोटो निघाले नाहीत. चुलता ही गोष्ट सांगत असताना कोणी त्याला काही बोलले नाही. बोलून झाले असणार.

ओळखपत्रावरचा फोटो टपालाच्या तिकिटाहून किंचित मोठा. काळा-पांढरा, भरड छपाईचा. पांढरी टोपी, मिशा, आणि चेहऱ्यावर सगळीकडे ठिपके. आजोबांना लहानपणी देवी आल्या होत्या. हा रोग आपल्या देशातून कायमचा गेल्याचे १९७७ साली जाहीर झाले, पण त्याने ज्यांना गाठले त्यांच्या तोंडावर तो जन्मभर राहिला. आता या फोटोतले व्रण कोणते आणि छपाईचे ठिपके कोणते, हे भिंगातून पाहूनही सांगता येईना.

नक्कल काढण्याचे काम दिसते सोपे. कार्ड ओसरीवर सावलीत नेले, तांब्याला टेकवून उभे केले, मागे घोंगडी. कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंग कार्डाच्या बरोबर समोर, तसूभरही तिरके नाही. हाताचा धक्का नको म्हणून दोन सेकंदांनी आपोआप उघडणारे शटर. फ्लॅश अर्थातच नाही. तरी कार्डावरच्या प्लास्टिकमध्ये आकाशाचा पांढरा तुकडा चमकतच होता. अशा चकाकीवर घरगुती औषध आहे. प्लास्टिकमध्ये दिसते ते कॅमेऱ्याच्या पाठीमागचे जग, तेव्हा पाठीमागे अंधार करावा. पुतण्याला काळी छत्री उघडून माझ्या मागे उभे केले. चकाकी गेली. आजोबा स्पष्ट झाले, म्हणजे जितके त्या कार्डात होते तितके.

चोवीस मेगापिक्सेलने काय मिळाले? प्रत्येक ठिपका स्वच्छ दिसू लागला. भिंग आणि पिक्सेल समोर असलेले दाखवतात, नसलेले आणू शकत नाहीत. हे मी त्या घरात समजावून सांगत होते, तोवर छत्री मिटून पुतण्याने आपल्या मोबाईलवर कार्डाचा फोटो घेतला, कसलेसे ॲप उघडले आणि अर्ध्या मिनिटात आमच्यापुढे धरला. “हे बघा, मॅडम. क्लिअर झाला.”

खरेच झाला होता. टोपीची घडी दिसत होती, मिशीचा केस न् केस दिसत होता, डोळ्यांत प्रकाशाचा थेंब होता. गाल गुळगुळीत. पन्नाशीचा, देखणा, कुठल्याशा साखर कारखान्याचा अध्यक्ष शोभावा असा गृहस्थ. सगळे घर मोबाईलभोवती गोळा झाले. चुलत्याचा चेहरा इतका उजळला, की मला बोलवेना. मोबाईल आजीच्या हातात गेला. तिने तो लांब धरला, जवळ धरला.

“हा कोण?” तिने विचारले.

“आजोबा, आजी!”

“मायबाई! हे काही ते न्हाईत.” आणि मोबाईल परत देऊन टाकला.

त्या यंत्राचे काम कसे चालते, हे थोडे सांगते. त्याला लक्षावधी चेहरे दाखवलेले असतात. धूसर फोटो दिला की इथे बहुधा असा डोळा असावा, इथे असा गाल असावा, असा अंदाज करून ते नवे चित्र रंगवते. ठिपका दिसला की तो खराबी समजून पुसते. आजोबांचे व्रण त्याच्या लेखी खराबीच. शिवाय त्यांचा डावा डोळा थोडा मिटका होता. यंत्राने तो उजव्यासारखा करून टाकला. आपल्याकडे यालाच ‘जुना फोटो सुधारणे’ म्हणू लागले आहेत. मी म्हणते, अनोळखी फोटोच्या बाबतीत ते कोणाला कळणार? आजी जिवंत होती म्हणून कळले. आणखी वीस वर्षांनी त्या घरात तोच साखर कारखान्याचा अध्यक्ष ‘आमचे पणजोबा’ म्हणून पूजला गेला असता.

दुसऱ्या दिवशी आम्ही भोकरदनला एका स्टुडिओत निघालो. तिथून पुढे अजिंठ्याच्या बाजूला रस्ता फुटतो आणि मला रॉबर्ट गिलची आठवण झाली. मद्रासच्या पलटणीतल्या या अधिकाऱ्याला कंपनी सरकारने १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमले. त्याने वर्षानुवर्षे गुंफांत बसून मोठमोठी तैलचित्रे केली. ती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली आणि १८६६च्या आगीत बहुतेक जळून गेली. पुढे ग्रिफिथ्ससाहेबाने मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२पासून नव्या नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळ १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. एकदा आग, पुन्हा आग. केदारखेड्यात विहीर. गिलने मधल्या काळात कॅमेरा हाती घेतला होता. त्याची दुहेरी छायाचित्रे १८६४ साली पुस्तकांत छापली गेली आणि पुस्तके अनेक ठिकाणी असल्यामुळे ती मात्र टिकली. म्हणून मी रात्रीच आजोबांची फाईल कार्डातून लॅपटॉपवर आणि लॅपटॉपवरून विद्यार्थ्याच्या पेनड्राइव्हवर उतरवून ठेवली होती.

स्टुडिओवाले साठीचे. रोलच्या काळात अंधाऱ्या खोलीत हात काळे केलेले. त्यांनी माझी फाईल पाहिली, पुतण्याची कलाकृतीही पाहिली आणि हसले. “मॅडम, आम्ही बी व्रण काढायचो. निगेटिव्हवर बारीक शिसपेन्सिल चालवली, की देवीचे खड्डे भरून निघायचे. लग्नाच्या फोटोला तर पोरींचे बाप सांगून करून घ्यायचे. पण विचारून करायचो.”

मग ते कामाला लागले. सगळ्यांची इच्छा मोठ्या फोटोची होती, बारा बाय पंधराच्या. ते म्हणाले, “तेवढा केला तर ठिपकेच दिसतील, माणूस दिसणार न्हाई.” हे अगदी खरे. छपाईत इंचाला तीनशे ठिपके असले की डोळ्याला ते वेगळे दिसत नाहीत. चार बाय सहाच्या फोटोला बावीसेक लाख पिक्सेल पुरतात, माझ्या फाईलमध्ये त्याच्या कित्येक पट होते. पण मूळ कार्डातच जी भरड आहे, ती जितकी ताणावी तितकी उघडी पडते. त्यांनी फोटो चार बाय सहाच ठेवला, काळ्याचा काळेपणा थोडा वाढवला, प्लास्टिकवरचे दोन ओरखडे तेवढे पुसले आणि चेहऱ्याला हात लावला नाही. भोवती रुंद पांढरा पुठ्ठा आणि बाहेर बारा बाय पंधराची लाकडी चौकट. भिंतीवर मोठा दिसेल आणि जवळ जाऊन पाहणाऱ्याला माणूस भेटेल. माझ्या अकराजणींचे फोटोही तिथेच छापायला दिले.

निघायच्या दिवशी सकाळी मी आजीचा फोटो काढला. तिला ओसरीवर बसवायचे मनात होते, पण तिथून उजेड एकाच बाजूने येई आणि काळे अंगण खालून काही परत पाठवीत नसे. घरातल्या कापसाच्या ढिगापाशी ती बसली आणि प्रश्नच मिटला. दारातून आलेला उजेड ढिगावर पडे आणि तिथून मऊ होऊन तिच्या तोंडावर येई. मुंबईच्या स्टुडिओंत यासाठी पांढऱ्या छत्र्या आणि कापडी चौकटी भाड्याने आणतात. इथे वीसेक क्विंटलचा परावर्तक घरचा होता. पन्नासचे भिंग, मोठे छिद्र, तीन फोटो. चौथ्याला ती म्हणाली, “पुरे आता, काय लग्न हाये का माझं?”

आठवड्याभरात फोटो छापून आले. वेचणाऱ्या बायकांचे अकरा लिफाफे विद्यार्थ्याने शेतात नेऊन दिले. एक बाई दुसऱ्या गावाला ऊसतोडीला गेली होती, तिचा त्याने जपून ठेवला आहे. आजोबांची चौकट घरी पोचली, त्या दिवशी त्याने मला फोन लावला आणि आजीला दिला.

“माय, हे तेच हायेत,” ती म्हणाली. “डोळा बी तसाच.”

“कुठे लावला, आजी?”

“अजून न्हाई लावला. त्या भिंतीला कापूस हाये. कापूस गेला की लावू.”

“आणि तुमचा?”

“माझा पेटीत ठेवला. लागंल तव्हा काढतीन पोरं.” मग आवाज खाली करून, पण फोनवर जितका खाली करता येतो तितकाच, म्हणाली, “त्या पोराला सांगून ठेव, मोबाईलात घालून माझं तोंड साफ करू नको म्हणावं.”

व्यापारी त्या दिवशीही येऊन गेला होता. भाव अजून तोच होता.